माणसाला व्हिसा नाही, गाडीला आहे : ग्वाल्हेरहून काठमांडूला बिऱ्हाड हलवताना

नवऱ्याला काठमांडूत दोन वर्षांचं काम मिळालं, तेव्हा घरात पहिला प्रश्न पगाराचा नव्हता, सामानाचा होता. विमानाने किती नेणार? सासऱ्यांनी दाणाओळीतल्या घराच्या ओसरीवर बसल्या बसल्या निकाल दिला, "गाडी घेऊन जा. नेपाळ काय परका मुलुख आहे का? ग्वाल्हेरची सोयरीक आहे तिथली." सोयरीक म्हणजे शिंद्यांची. विजयाराजेंचं आजोळ नेपाळच्या राणा घराण्यातलं आणि माधवराव शिंद्यांच्या पत्नी माधवीराजे तर थेट नेपाळच्याच. त्या सोयरिकीचा सीमेवर काडीचा उपयोग होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण गाडीने जाता येतं हे खरं. आमच्यानंतर लष्करातल्याच दोन-तीन घरांनी विचारलं, "कसं केलंत?" म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. (लष्कर म्हणजे आमच्या ग्वाल्हेरचं. फौजेशी संबंध नाही.)

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा. भारत-नेपाळ १९५० च्या तहामुळे आपल्याला तिथे जायला आणि राहायला व्हिसा लागत नाही. पासपोर्टवर शिक्कासुद्धा बसत नाही. गाडीला मात्र हा तह लागू नाही. भारतीय नंबरची खाजगी गाडी नेपाळच्या एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस तिथे राहू शकते, तेही दिवसागणिक पैसे भरून. म्हणजे तुम्ही राहायला जाताय आणि गाडी पाहुणी म्हणून. सगळं नियोजन या एका वाक्याभोवती करायचं. "नेऊ तर खरं, मग तिथेच नोंदणी करून घेऊ" हा विचार सोडून द्या. नेपाळात गाडीवरचे कर असे आहेत की आपल्याकडची साधी गाडी तिथे दुपटी-तिपटीच्या भावात पडते.

निघण्याआधी : कागद

इथे घाई करू नका. मी केली, आणि त्यात अर्धा दिवस गेला. ते पुढे येईलच.

माणसांचे कागद सोपे आहेत : पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आपल्याला सवय सगळीकडे आधार दाखवायची, पण नेपाळ प्रवासासाठी मधल्या वयाच्या माणसांचं आधार कार्ड धरत नाहीत. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं, त्यात आधारही येतं. १५ ते १८ मधल्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं. तरी माझं मत विचाराल तर राहायला जाताना सगळ्यांचे पासपोर्ट काढूनच निघा. सीमेवर कोणी बघणार नाही कदाचित, पण तिथे बँक, सिमकार्ड, घरमालक सगळे मागतात.

गाडीचे कागद : आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. सगळं मूळ प्रतीत, आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. डिजिलॉकर आपल्या पोलिसांसाठी. पलीकडच्या खिडकीवर मोबाइल दाखवून भागेल या भरवशावर राहू नका. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र जवळ ठेवा.

विम्याचं बहुतेक जण विसरतात. आपली गाडीची पॉलिसी सीमेपलीकडे आपोआप चालत नाही. विमा कंपनीला सांगून भौगोलिक विस्तार घ्यावा लागतो. नेपाळ, भूतान, बांगलादेश वगैरे शेजारी देशांसाठी ही सोय असते, जादा हप्ता फार नसतो आणि पॉलिसीला त्याची वेगळी पुरवणी जोडून मिळते. एजंट म्हणाला "काही गरज नाही मॅडम", तरी घ्या. काठमांडूच्या वाटेवरच्या मुगलिंगच्या घाटात समोरून येणारे ट्रक बघितलेत की तो हप्ता कमीच वाटेल.

आता माझी चूक. गाडी सासऱ्यांच्या नावावर. चालवणार मी, परत आणणार माझा भाऊ. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं अधिकारपत्र लागतं हे मला माहीत होतं. सासऱ्यांनी ते सुंदर अक्षरात लिहूनही दिलं होतं. ते राहिलं देवघरातल्या कोनाड्यात. सीमेवर लक्षात आलं, तेव्हा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. खिडकीतल्या माणसाने तो बघितला, हसला आणि म्हणाला, "कागज दिनुस्." गाडी वळवून सात-आठ किलोमीटर मागे नौतनव्याला गेलो. एका ऑनलाइन सेंटरवर लाइट नव्हती, दुसऱ्यात प्रिंटरची शाई संपलेली, तिसऱ्यात दहा रुपयांत काम झालं. तोवर दुपारचे दोन वाजले आणि त्या दिवशी काठमांडू गाठणं राहिलं. तेव्हा अधिकारपत्रात गाडी नेणारा आणि आणणारा अशा दोघांची नावं लिहा, मालकाच्या ओळखपत्राची प्रत जोडा आणि ते पत्र देवघरात ठेवू नका.

निघण्याआधी : पैसा आणि फोन

बँकेत "मी परदेशात नोकरीला चाललोय" म्हटलं की ते एनआरओ खात्याचे, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांच्या खात्याचे, फॉर्म पुढे करतात. इतर देशांसाठी ते बरोबर आहे. पण नेपाळ आणि भूतानला नोकरी-धंद्यासाठी जाणाऱ्याचं बचत खातं रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे निवासी खातं म्हणूनच चालू राहतं. आमच्या बँकेतल्या मुलीला हे माहीत नव्हतं. तिने वरिष्ठांना विचारलं आणि फॉर्म परत घेतले.

नोटा शंभरच्या आणि त्याखालच्या घ्या. २०१६ च्या नोटबंदीनंतर तिथे मोठ्या भारतीय नोटांचं जे बिनसलं, त्याचा धसका दुकानदारांच्या मनात अजून आहे. शंभरची नोट मात्र कुठेही हसत घेतात. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे रोज भाव बघायची कटकट नाही. मार्च २०२४ पासून आपलं यूपीआय तिथल्या फोनपेच्या क्यूआरवर चालतं (हे फोनपे त्यांचं वेगळं, आपलं वेगळं, नावावरून गोंधळू नका). अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात, ते घरीच करून निघा.

आणि भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग निघण्याआधीच सुरू करून घ्या. बोलायला नव्हे, ओटीपीला. सीमेच्या पलीकडे दोन-चार किलोमीटर आपलं नेटवर्क रेंगाळतं, मग जातं, आणि त्याच्याबरोबर तुमची बँकही जाते.

सामान

सामानाची यादी करा, मराठीत नको, हिंदीत किंवा इंग्रजीत, दोन प्रतींत, खाली सही. वापरलेलं घरगुती सामान आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे. कोरा टीव्ही, खोक्यातला मिक्सर, नव्या साड्यांचा गठ्ठा असेल तर पावती ठेवा आणि भन्सार भरायची तयारी ठेवा. भन्सार म्हणजे जकात. हा शब्द पुढचे दोन दिवस सारखा ऐकू येणार आहे.

आमचं सामान तपासणाऱ्याने पातेली, गाद्या, मुलीचं दप्तर यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. थांबला तो मेतकुटाच्या डब्यापाशी. झाकण उघडलं, वास घेतला, बोटावर चिमूटभर घेऊन म्हणाला, "सातु?" मी म्हटलं, "साधारण तसंच, भातावर घालतात." त्याने चाखलं, मान डोलावली आणि डब्याचं झाकण माझ्याहून घट्ट लावून दिलं. तात्पर्य, डब्यांवर चिठ्ठ्या लावा.

रस्ता : ग्वाल्हेर ते सोनौली

अंतर ७०० किलोमीटरच्या आसपास. आम्ही भिंडवरून चंबळ ओलांडून इटाव्याला गेलो, तिथून आग्रा-लखनौ एक्सप्रेसवे धरला. झाशी-कानपूरवरूनही जाता येतं. रस्ता चांगला आहे, पण कानपूरच्या आसपास ट्रक फार. लखनौनंतर अयोध्येच्या अंगाने गोरखपूर आणि तिथून साधारण ९५ किलोमीटरवर सीमेवरचं सोनौली. एका दमात करू नका. गोरखपूरला मुक्काम करा आणि पहाटे निघून आठ-नऊला सीमेवर पोहोचा. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात धुकं असं असतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. पावसाळ्यात पलीकडचे डोंगर खचतात. दसऱ्याच्या सुमाराला नेपाळात दशैं असतो, निम्मं काठमांडू गावी जातं आणि कचेऱ्या बंद. राहिले फेब्रुवारी-मार्च किंवा दिवाळीनंतरचे काही आठवडे. आम्ही फेब्रुवारीत गेलो.

सीमेवर

सोनौलीच्या अलीकडे ट्रकांची लांबच लांब रांग दिसेल. ती तुमची नाही. लहान गाड्या बाजूने पुढे जातात. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्र बघतात, डिकी उघडायला सांगतात. कमान ओलांडली की बेलहिया. देश बदलला हे कळतं ते गाड्यांच्या पाट्यांवरून : तिथल्या खाजगी गाड्यांची पाटी लाल, अक्षरं पांढरी आणि बऱ्याच पाट्यांवर देवनागरी आकडे. त्या लाल गर्दीत आपली पांढरी एमपी ०७ लांबून ओळखू येते, पोलिसांनासुद्धा.

गाडी कडेला लावून आधी भन्सार कार्यालय. फॉर्म भरायचा, आरसी आणि लायसन्स दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगून तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे. त्यानंतर यातायातची, म्हणजे वाहतूक खात्याची परवानगी, ती वेगळी. दोन्ही कागद हातात पडेपर्यंत गाडी पुढे काढू नका. वाटेत "मी करून देतो" म्हणणारे भेटतील. कामाला तासभर लागतो, आणि फॉर्म देवनागरीत असतो. ज्याला मराठी वाचता येतं त्याला दलालाची काय गरज?

दिवस सांगताना दोन गोष्टी. तास मोजत नाहीत, तारखा मोजतात. संध्याकाळी शिरलात तरी तो एक दिवस गेला. आणि हातचे दोन दिवस जास्त घ्या. दरड कोसळली, मूल आजारी पडलं, तर मुदत उलटल्यावरचा दंड त्या दोन दिवसांच्या पैशांपेक्षा खूप जड असतो. परमिट शक्यतो गाडी परत नेणाऱ्याच्या नावाने काढा. आमचा भाऊ बरोबर होता म्हणून हे जमलं, आणि परतताना त्याला एकही प्रश्न आला नाही.

तिथेच सटही काउंटर असतात, म्हणजे पैसे बदलण्याची दुकानं. थोडे नेपाळी रुपये घ्या. घड्याळं १५ मिनिटं पुढे करा. फास्टॅगला विसरा.

बेलहिया ते काठमांडू

अंतर जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर. आपण म्हणतो, पाच तास. लागतात नऊ-दहा. भैरहवा, बुटवल, मग पूर्वेकडे नारायणगढ. या पट्ट्याचं रुंदीकरण कैक वर्षं चाललंय, दाउन्नेच्या चढावर धूळ इतकी की वायपर चालवावे लागतात. नारायणगढहून मुगलिंग ३६ किलोमीटर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी. जुलै २०२४ मध्ये याच रस्त्यावर दरडीने दोन बस त्रिशूलीत ढकलल्या होत्या. पावसात आणि रात्री इथे गाडी घालू नका. हे मी सल्ला म्हणून नाही, बजावून सांगते आहे. उशीर झाला तर नारायणगढला राहा. आम्ही नौतनव्याच्या कृपेने तिथेच राहिलो.

गाडी डावीकडूनच चालवायची, तेवढं बरं. पाट्या आपल्या लिपीत आहेत, पण शब्द नवे. एवढे पाठ करून ठेवा : उकालो म्हणजे चढ, ओरालो म्हणजे उतार, घुम्ती म्हणजे वळण, पहिरो म्हणजे दरड, बिस्तारै म्हणजे सावकाश. "बाटो बन्द" कळायला अडचण नाही. पोलीस म्हणजे प्रहरी. दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत काठमांडूत गंमत चालत नाही. रात्रीच्या त्या तपासणीला ते "मापसे" म्हणतात, मादक पदार्थ सेवन. आणि शहरात हॉर्न वाजवायचा नाही. एप्रिल २०१७ पासून बंदी आहे. ग्वाल्हेरच्या बाड्यावर, म्हणजे भर बाजारातल्या चौकात, गाडी शिकलेल्या माणसाला हे सगळ्यात अवघड. मी पहिले दोन दिवस डावा हात मांडीखाली दाबून बसत होते असं भाऊ सांगतो. खोटं आहे, पण फार खोटं नाही.

घर

आधी पंधरा दिवसांची तात्पुरती जागा घ्या, मग हिंडून घर बघा. गल्लीच्या तोंडाशी "कोठा भाडामा" अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. कोठा म्हणजे कोठार नव्हे, खोली. अख्खं घर हवं असेल तर "फ्ल्याट" म्हणा. घरमालक बहुतेक त्याच इमारतीत राहतात. त्यांना दाइ, दिदी म्हटलं की दार अर्धं उघडतं, आणि बोलताना "हजुर" लावलं की पूर्ण.

तीन प्रश्न विचारल्याशिवाय हो म्हणू नका. पाणी आठवड्यातून किती दिवस येतं आणि टँकरचे पैसे कोणाचे? हिवाळ्यात खोलीत ऊन येतं का? शहर साधारण १३५० मीटर उंचीवर आहे, ग्वाल्हेरची थंडी महिन्याची, इथली रेंगाळते. आणि तिसरा, भाडं आयसी की एनसी? भारतीय रुपयांना आयसी किंवा भारु म्हणतात, नेपाळीला एनसी किंवा नेरु. २५ हजार ऐकून आम्ही एक घर सोडून आलो होतो. नंतर कळलं की ते एनसी होते, म्हणजे आपले साडेपंधरा हजारांच्या आसपास. परत गेलो तोवर घर गेलं होतं.

करारावर तारीख विक्रम संवतातली असते. आपल्या कोर्‍या नजरेला २०८० च्या पुढचं साल बघून वाटतं, टाइप चुकलं. चुकलेलं नसतं. फक्त शेजारी इंग्रजी तारीख लिहून घ्या.

पहिला महिना

सिमकार्ड नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं, पासपोर्ट आणि फोटो द्या. लैनचौरच्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा. मुलांसाठी काठमांडूत केंद्रीय विद्यालय आहे, त्यामुळे पुस्तकं बदलत नाहीत, पण प्रवेशाची चौकशी भारतात असतानाच करा. सुट्टी शनिवारी. रविवारी सकाळी शांत झोपलेल्या नवऱ्याला पहिल्या आठवड्यात मीच उठवलं होतं. रोजच्या जाण्या-येण्याला पठाओ, इनड्राइव्हसारखी अ‍ॅपं आहेत. गाडीची उणीव महिन्याभरात जाणवेनाशी होते.

स्वयंपाकघराचं म्हणाल तर पोह्यांना चिउरा म्हणतात, तूरडाळीला रहर. पसल म्हणजे दुकान. आणि चतुर्थीला खिचडी करायची असेल तर शेंगदाण्यांना बदाम म्हणतात हे ध्यानात ठेवा. मी "मूंगफली, मूंगफली" करत होते, समोर पोतं भरलेलं होतं आणि दुकानदार "बदाम छ" म्हणत होता. ज्वारीचं पीठ आणि गोडा मसाला मात्र घरूनच आणा. न्यू रोडच्या सराफ्यात विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, भेटले. त्यांच्या घरी भाकरी मिळाली, ग्वाल्हेरची मराठी ऐकून ते जरा हसले, ते सोडून देऊ.

गाडी परत

हे शेवटी लिहिलंय, पण कॅलेंडरवर सगळ्यात आधी लिहा. परमिट संपायच्या दोन दिवस आधी गाडी काठमांडू सोडून निघाली पाहिजे. बेलहियाला बाहेर पडताना कागद जमा करून गाडी गेल्याची नोंद करून घ्यायची, घाईत तसंच पुढे निघायचं नाही. नोंद राहिली तर कागदावर गाडी नेपाळातच राहते, आणि पुढच्या वेळी त्याच खिडकीवर उभं राहून ती इथे नव्हती हे पटवून देणं तुमच्या माथी येतं. भावाला सांगितलं होतं, शिक्क्याचा फोटो पाठव, मगच चहा पी. त्याने फोटोत चहाचा कपही धरला होता.

३० दिवसांचा हिशेब नेपाळच्या आर्थिक वर्षाने चालतो, आणि ते श्रावणाच्या १ तारखेला, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्याला बदलतं. त्यांचा श्रावण सौर, आपल्या पंचांगाशी जुळत नाही. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या फेरीचे दिवस एका वर्षात जातात आणि दिवाळीचे दुसऱ्या. आम्ही सामान नेताना ११ दिवस वापरले. या वर्षाचे १९ शिल्लक आहेत. सासूबाईंना पशुपतिनाथ बघायचाय, आणि विमानात त्या बसणार नाहीत, म्हणून त्यातले आठ त्यांनी आत्ताच मागून ठेवलेत.